गिरिजाबाईंचा आवळ्याचा काढा

आमची वल्लरी उंदरांना आधी शिसं पाजते, मग आवळा. बायकोचं कौतुक नवऱ्याने करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करत नाही, तर मी तरी काय करू? शिसं मेंदूत शिरलं की पेशींना गंज चढल्यासारखं होतं आणि आवळ्यातली द्रव्यं तो गंज बऱ्यापैकी थोपवतात, हे तिने उंदरांवर दाखवलंय. आवळा खाल्लेले उंदीर भुलभुलैयातली वाट विसरत नाहीत. मी म्हैसूरला येऊन दहा वर्षं झाली, अजून मंडी मोहल्ल्यात चुकतो. तेव्हा मला त्या उंदरांबद्दल आदरच आहे.

खाली आमच्या घरमालकीण गिरिजाबाई, त्यांची मराठी अर्धी कानडी. त्यांचा मुलगा भुवन हूटगळ्ळीत जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर होता. त्याच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरात आली आणि त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या, नव्याच्या, रक्तात शिसं निघालं. पोरगी शिकलेले शब्द विसरायला लागली होती. भुवनने काम सोडलं, डॉक्टरांचे उपचार सुरू झाले. वल्लरी एवढंच म्हणाली, "काकू, सोबत ताजा आवळा द्या. पण हे उंदरांवरचं काम आहे, भरवसा ठेवून बसू नका."

गिरिजाबाईंनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. कच्च्या आवळ्याने मुलीचा घसा धरेल म्हणून त्या रोज गूळ घालून काढा उकळू लागल्या. सगळ्या नातलग बायकांना कृतीही सांगून झाली. आणि पुढच्या तपासणीत नव्याचं शिसं कमी व्हायचं सोडून वाढलं.

भुवन घरी बसलेला, मग शिसं येतंय कुठून? वल्लरी खाली गेली आणि म्हणाली, "काकू, काढा कसा करता, माझ्यासमोर करा बघू."

गिरिजाबाईंनी सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं. नुकतीच कल्हई केलेलं, लखलखीत. "नातीसाठी म्हणून मुद्दाम केली, नोडी, बघा, कल्हई. स्टीलमध्ये नेल्लिकाईचा, आवळ्याचा, गुण उतरत नाही मा."

वल्लरीने वाटीभर काढा प्रयोगशाळेत नेला. संध्याकाळी निकाल घेऊन परतली. कल्हईच्या कथलात कोणीतरी स्वस्तातलं शिसं मिसळलं होतं आणि आवळ्याच्या आंबटाने ते काढ्यात उतरत होतं.

"सांगू नकोस असं," मी म्हणालो. "पातेलं जुनं झालंय म्हण. म्हातारी खचेल."

"त्यांना पूर्ण कळायला हवं," ती म्हणाली आणि सरळ जाऊन सगळं सांगून आली. माझी बायको गोड बोलण्यात नापास आहे, आणि त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

गिरिजाबाई रडल्या नाहीत. "अय्यो, मगूला, माझ्या पोरीला, मीच पाजलं," एवढंच म्हणाल्या. नव्याचा आकडा पुढे उतरला, शब्दही परतले. पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला वाटलं, रद्द करतील. मी अंगणात खुर्च्या लावत होतो. बायका जमल्या, आणि गिरिजाबाई ते पातेलं हातात घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. ज्या बायकांसमोर त्यांनी जन्मभर आब राखला, त्यांच्यासमोर.

"मी सांगितलेला काढा कोणी कल्हईच्या भांड्यात करत असाल तर आजच ओतून टाका," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीला मी ह्यातून विष पाजलं. माझ्या हातानं. सुम्ने, उगीच लाजून गप्प बसले, तर तुमच्या पोरांनाही पाजीन."

मग त्यांच्या जाऊबाई, रुक्मिणीबाई, उठल्या. हातातलं वाण त्यांनी खाली ठेवलं.

"सूनबाईला सातवा लागलाय," त्या म्हणाल्या. "तिचा काढा आत्ता चुलीवर ठेवून आलेय, कल्हईच्याच भांड्यात." आणि चपला न घालताच धावत सुटल्या.