न झालेली उडी

विंग कमांडर केळुसकरांच्या खोलीत कोणीच बोलत नव्हतं, कारण खिडकीबाहेर कॉर्पोरल टेमघरेचे बूट हलत होते. वारा आला की ते आधी एकमेकांवर आपटत आणि मग सावकाश उत्तरेकडे वळत. पॅराशूट पूर्ण उघडलेलं होतं, दोऱ्या ताणलेल्या होत्या, आणि टेमघरे मैदानापासून दोन पुरुष उंचीवर थांबलेला होता. पावसाळा सरला, थंडी पडली, तरी तो खाली आला नव्हता.

कारण साधं होतं. आमच्या पथकाच्या विमानात दारापाशी लाल आणि हिरवा असे दोन दिवे असतात. हिरवा लागला की जोडीतल्या पहिल्याने उडी घ्यायची आणि दुसऱ्याने दिव्याकडे न पाहता त्याच्यामागे जायचं. जोडीला हिरवा एकच असतो. सरहद्दीपलीकडच्या त्या मोहिमेत तो लागला, टेमघरे गेला. मी दारात पाऊल ठेवलं तेव्हा लाल लागला होता आणि मला पट्ट्याला धरून मागे ओढण्यात आलं. परतल्यावर कळलं की कागदोपत्री मोहीम निघालीच नव्हती. म्हणजे हिरवा लागला नव्हता, म्हणजे उडीही झाली नव्हती. आणि जी उडी झालीच नाही, तिला जमीन कुठून मिळणार? टेमघरे परका मुलूख ओलांडून, वाऱ्याच्या आधाराने आमच्या मैदानापर्यंत आला. शेवटचं दोन पुरुष अंतर मात्र त्याला कोणी दिलं नाही.

“मैदानातली शेड आज पुरी होईल,” केळुसकर शेवटी म्हणाले. “पत्रे त्याच्या बुटांखालून जातील. मग खालून कोणाला काही दिसणार नाही. या खिडकीला पडदा लावू.”

मी खाली गेलो. शेडचे खांब टेमघरेच्या चारी बाजूंनी उभे होते. छपराचे पत्रे दोन्ही कडांकडून त्याच्या दिशेने सरकत होते. मधे एका माणसापुरतं आभाळ उरलं होतं. त्या फटीतून त्याची बायको रेवती बांबूच्या टोकाला डबा अडकवून वर देत होती.

“पुन्हा कारलं?” टेमघरे वरून म्हणाला.

“खा मुकाट्याने. अधांतरी राहून नखरे वाढलेत तुमचे.”

“नरवेकर आला का? अरे, तुझ्या टकलावर विमान उतरवता येईल. दिवसेंदिवस धावपट्टी लांबतेय.”

मी हसलो. रेवती हसली नाही. तिने बांबू खाली घेतला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “भाऊजी, उद्या डबा कुठून द्यायचा? पत्र्याला भोक पाडू?”

मी सरकत्या पत्र्यांकडे पाहिलं.

“तुम्ही तर यांच्या पाठीशी होतात. दिवा कुठला होता, एवढंच सांगा ना वर साहेबांना.”

“त्याला कशाला विचारतेस?” टेमघरे घास गिळत म्हणाला. “त्याची बढती यायचीय. बढतीवाल्यांना रंग दिसत नाहीत.”

एक पत्रा खडखडत पुढे आला आणि टेमघरेची सावली रेवतीच्या अंगावरून निघून गेली. ती जागची हलली नाही.

मी परत वर गेलो. केळुसकर खिडकीशी पाठमोरे उभे होते.

“सर, हिरवा होता.”

“नीट विचार करा, नरवेकर.”

“केला, सर. हिरवाच होता.”

“मग तुम्हीही उडी मारलीत. जोडीला हिरवा एकच असतो, हे तुम्हीच नव्या मुलांना शिकवता.”

“हो, सर.”

“टेमघरेची उडी तुम्ही सांगितलीत. तुमची कोण सांगणार?”

बाहेर जड बूट मातीवर टेकल्याचा आवाज आला. त्याच वेळी माझे तळवे फरशीवरून सुटले. खांद्यांवर पट्टे आवळले गेले, जणू ते इतके दिवस कातडीच्या आतच होते.

“दारातून जा,” केळुसकर म्हणाले. “छताला डोकं लागेल.”

मी दारातून गेलो. जिना माझ्याखालून सरकला, मग मैदान. उरलेल्या फटीतून अंग चोरून मी वर निघालो आणि दोन पुरुष उंचीवर थांबलो. माथ्यावर कापड फडफडून भरलं. वरून सगळं फार स्वच्छ दिसत होतं, एखाद्या अपमानासारखं.

खाली टेमघरे उभा होता. रेवतीने त्याचा दंड धरला होता. तो जमीन बुटाने दाबून पाहत होता, पुन्हापुन्हा, तिच्यावर विश्वास नसल्यासारखा.

“टेमघरे,” मी म्हणालो, “मी तुझ्या पाठोपाठच होतो. वर जाऊन सांग त्यांना.”

त्याने मान वर केली. रेवतीची बोटं त्याच्या दंडात रुतली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग केळुसकरांच्या खिडकीकडे, मग पुन्हा स्वतःच्या पायांखालच्या मातीकडे.

“साहेब,” शेवटचा पत्रा हातात धरलेल्या कामगाराने त्याला विचारलं, “सरकवू का?”

टेमघरेने आपलं पॅराशूट गोळा केलं, काखेत मारलं, आणि पाऊल घट्ट रोवत, जरा जास्तच घट्ट रोवत, तो जिन्याकडे न वळता चालू लागला.