मिठाचा आवाज

"मीठ आहे ते," डॉ. टिपणीस मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता म्हणाले. "निव्वळ मीठ."

"मला नाही वाटत तसं, सर."

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही, जयंतीबाई."

मरोळच्या औषध कंपनीची ती लॅब. जयंती तिथली जुनी असिस्टंट; चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, मुलुंडला भावाकडे राहणारी. लॅबमध्ये तिच्याशी कुणी कामाखेरीज बोलत नसे आणि तीही बोलायला जात नसे. कुणी काचसामान न धुता ठेवलं, की ती ते उचलून त्याच्याच टेबलावर नेऊन आपटायची. कुणाला दया यावी असं तिनं कधी काही केलं नाही.

मायक्रोस्कोपखाली काचेच्या झाकणाला एक थेंब उलटा लटकत होता. थेंबात तिळाहून लहान, लख्ख कडांचा एक स्फटिक. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर आलेला पहिला आणि एकुलता एक.

पोटातलं ट्रिप्सिन अन्नातली प्रोटीनं कापतं. कच्च्या वालात एक लहानसं प्रोटीन असतं, ते या कात्रीलाच अडवतं. ते आपल्या साखळीचा एक वळसा ट्रिप्सिनच्या खाचेत नेऊन बसवतं; ट्रिप्सिन त्याला खाद्य समजून धरतं, आणि मग त्याला धड कापताही येत नाही नि सोडताही येत नाही. दुसऱ्या काही बियांच्या बाबतीत हे परदेशात कुणी कुणी पाहिलेलं होतं. वालाचं कुणी पाहिलं नव्हतं. पाहायचं तर दोघं एकमेकांत अडकलेले असतानाच त्यांचा स्फटिक व्हायला हवा. त्यातून एक्स-रे सोडले, की फिल्मवर ठिपके उमटतात आणि ठिपक्यांवरून आतली रचना मांडता येते. ट्रिप्सिन अडवून स्वादुपिंडाच्या सुजेवर औषध निघेल, या आशेनं कंपनीनं हे काम सुरू केलं होतं. ती आशा संपली होती. वालाचे स्फटिक होणारच नाहीत, असं टिपणिसांनी वरच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

"सर, एक दिवस मशीन द्या. फिल्मवर दिसेल काय ते."

"मिठासाठी मी मशीन अडकवू? आधी प्रोटीन आहे हे दाखवा."

"मशीनशिवाय कसं दाखवू?"

"सुई आहे ना. टोचा."

ती सगळ्यांनाच ठाऊक असलेली रीत होती. द्रावणातल्या क्षाराला लॅबमध्ये सगळे मीठच म्हणत. त्याचा खडा सुईखाली कट् आवाज करून फुटतो. प्रोटीनचा स्फटिक आत निम्मा पाण्याचाच. तो आवाज न करता चुरगळतो. दोन असते तर जयंतीनं एक टोचला असता.

"शनिवारपर्यंत दाखवा," टिपणीस म्हणाले. "सोमवारपासून तुम्ही टेस्टिंगला. वाल बंद."

घरी वहिनी, रत्नप्रभा, रिकामा डबा दाखवत उभीच होती. "बिरड्याला वाल नाहीत घरात. लॅबमध्ये काय करतेस गं त्यांचं? उसळ?"

"हो. सगळ्यांना पोटभर वाढते."

"जीभ बघा हिची! म्हणून तर..." वहिनी थांबली. पुढचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं.

"नादी लागू नकोस गं," मधुकर वर्तमानपत्राआडून म्हणाला. बायकोला म्हणाला की बहिणीला, ते कळलं नाही.

ट्रिप्सिन नुसतं बाटलीत ठेवलं तर ते स्वतःलाच कापत सुटतं, वालाचं प्रोटीन चिकटलं तरच शाबूत राहतं, हे जयंतीनं एकदा वहिनीला हौसेनं सांगितलं होतं. "मग तुला एकदा एकटीला ठेवून बघायला हवं," वहिनी म्हणाली होती. त्यानंतर जयंतीनं घरात लॅबमधलं काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी ती एक्स-रे मशीनवरच्या दशरथकडे गेली.

"दशरथ, आजच्या दिवस मशीन दे."

"साहेबांची चिठ्ठी?"

"नाही."

"मग नाय. आणि बाई, माझी फिल्म खराब झाली तेव्हा सगळ्यांसमोर काय काय बोललात, आठवतं ना?"

"तू ती उजेडात उघडली होतीस."

"बघा, अजून तेच!"

ती परतली तेव्हा टिपणीस तिच्या टेबलापाशी उभे होते. भोवती चार-पाच जण. दशरथही गंमत बघायला मागोमाग येऊन दारात टेकला. टिपणिसांनी काचेचं झाकण उचलून सुलटं केलं आणि मायक्रोस्कोपखाली सरकवलं.

"सर, तो एकच आहे."

"मीठ पोत्यानं मिळतं, बाई."

मागे कुणीतरी हसलं. जयंतीनं मायक्रोस्कोपवर हात ठेवला.

"आणि प्रोटीन निघालं तर?"

"तर मशीन तुमचं."

"मग त्यावर ठेवू काय?"

"हात काढा."

तिनं हात काढला.

टिपणिसांनी डोळा लावून सुई टेकवली. वरच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. सुई दाबली गेली. ती उचलली गेली, पुन्हा दाबली गेली. टिपणीस नको तितका वेळ वाकून राहिले.

"आला आवाज," ते सरळ होत म्हणाले. "ऐकलात ना?"

एक-दोघांनी माना हलवल्या.

"मला तर नाय आला," दशरथ म्हणाला.

"तू दारात उभा आहेस."

"दारात असलो म्हणून काय झालं, साहेब? कान आहेत ना."

जयंतीनं डोळा लावला. स्फटिकाच्या जागी खरवस मोडावा तसा मऊ चुरा पसरला होता. तिनं क्षाराच्या बाटलीच्या तोंडाशी साचलेला एक खडा चिमटीनं काढला, कोऱ्या काचेवर ठेवला, टिपणिसांच्या हातातली सुई घेतली आणि दाबली.

कट्.

दारापर्यंत ऐकू गेला.

"हा मिठाचा आवाज, सर."

टिपणिसांचे कान लाल झाले होते. "सोमवारी टेस्टिंगला वेळेवर या," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. बाकीचेही आपापल्या टेबलांकडे पांगले. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

शनिवार असल्यानं लॅब लवकर रिकामी झाली. जयंती टेबल आवरत राहिली. चुऱ्याचा मशीनवर उपयोग नव्हता. थेंबाचं झाकण तिनं पुन्हा उलटं बसवलं नाही; थेंब उघडाच राहिला.

सगळे गेल्यावर दशरथ पुन्हा आला. आत न येता दारातूनच म्हणाला, "मशीन रिकामं आहे. साहेब गेले. आणा काय ते."

तिनं वाकून पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यानं थेंब वाळून गेला होता. चुरा दिसत नव्हता. त्याच्या जागी लांब, टोकदार, लखलखीत काड्या उभ्या राहिल्या होत्या.

"राहू दे," ती म्हणाली. "आता मीठच आहे."

दशरथ किल्ल्या वाजवत निघून गेला. जयंतीनं काच नळाखाली धरली, दोन्ही बाजूंनी चोळून धुतली आणि दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून निथळायला उभी करून ठेवली.