गाव सरकवा

धरणात बुडालेल्या मोरखोलची माणसं पेठ वडगावजवळच्या वसाहतीत येऊन दहाएक वर्षं झाली होती. २००३ साली गावाचं स्मारक करायचं ठरलं. ते काम कोल्हापूरच्या चंदनाला दिलं; ती इमारतींचे आराखडे करायची. ती म्हणाली, "फलक-बिलक नको. ज्यानं त्यानं जुन्या घरातला दगड आणा. शाळेच्या मैदानावर आपणच गाव मांडू."

तिनं चुन्यानं नदी, ओढा आणि वेस आखली. लोक दगड घेऊन आले आणि विहीर कुठल्या अंगाला होती यावरून भांडू लागले. माजी सरपंच सयाजींनी आपला दगड देवळाशेजारी ठेवला.

सत्तरीची चिमणाबाई डोक्यावर पाटा घेऊन आली. वेस ओलांडून, ओढ्यापलीकडं गेली आणि तारेच्या कुंपणाला अडली. आखणीप्रमाणे तिचं घर कुंपणाबाहेर पडत होतं.

"चिमणाबाई, देवळापाशी ठेव की," सयाजी म्हणाले. "आता कोण भेद करतंय?"

"तिथं मला कवा उभं केलंसा? माझं घर हुतं तिथंच ऱ्हाईल."

"मैदान संपलं, त्याला आमी काय करणार? गाव वेशीपातूर."

"मग पाणी वेशीपाशी थांबलतं व्हय?"



"तुझं म्हणणं तरी काय?" सयाजी ओरडले.

"गाव सरकवा."

एकदोघं हसले. चंदनानं मैदान नजरेनं मापलं. "सरकतंय," म्हणाली आणि चुन्याचं घमेलं उचललं.

वाणी बाळाप्पा पहिल्यांदा वाकला. त्याच्यामागून एकेक करत सगळ्यांनी आपापली घरं उचलली. सयाजी तेवढे हटून बसले. "माझा वाडा हलणार न्हाय!"

चंदना नवा ओढा आखत आली, तर त्यांचा वाडा बरोबर पात्रात.

"आता तरी उचला," त्यांची बायको अक्काताई म्हणाली. ते तरातरा घरी निघून गेले. दगड तिथंच राहिला.

कुंपणाच्या आत आता जागा झाली होती. चिमणाबाईनं पाटा टेकवला, पदरानं पुसला.

"पाट्यावर नाव काय लिहू, मावशी?" चंदनानं विचारलं.

"चिमणाबाई आकाराम कांबळे. आन् खाली लिव, घर वेशीभाईर."

दुसऱ्या दिवशी सयाजींचा माणूस आला. खालची ओळ गावाला शोभत नाही, पुसून टाका, असा निरोप होता.

चिमणाबाई पाट्याशेजारीच बसली होती. "पुसायचं आसंल तर सोता यायला सांग," ती म्हणाली. "मी हितंच हाय."