घरातलं गाणं

व्यंकोजीने यंत्र कानाला लावलं. फीत फिरत होती, पण फितीवरचं गाणं त्याला ऐकायचं नव्हतं. मोटर किती वाजते, तेवढंच ऐकायचं होतं.

बळेपेटेतल्या आपल्या रेडिओच्या दुकानात नरसिंहरावांनी त्याच्यापुढे दोन टेपरेकॉर्डर मांडले होते. एक हार्मोनियमच्या पेटीएवढा, विजेवर चालणारा. दुसरा मायदेशी परतलेल्या कुणा जर्मन इंजिनिअरने विकलेला, सेलवर चालणारा, पट्ट्याने खांद्याला अडकवता येईल असा. चामराजपेटेतल्या रामोत्सव मंडळाने यंदा, सासष्ट सालच्या उत्सवापासून, मांडवातल्या मैफली टेप करून ठेवायचं ठरवलं होतं. व्यंकोजी कारखान्यात ड्राफ्ट्समन, त्याला यंत्रातलं कळतं, म्हणून निवड त्याच्यावर सोपवली होती.

"मांडवासाठी मोठाच घ्या," नरसिंहराव म्हणाले. "व्हायोलिन, मृदंग, गळा, सगळं सुटं सुटं ऐकू येतं. हा लहान स्वल्प दबतो. एकट्या माणसाचा गळा असला, तर मात्र झकास."

व्यंकोजीने लहान टेपरेकॉर्डर आवाज बंद करून, फीत फिरती ठेवून आपल्या कापडी पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड मुडपलं आणि हातभर अंतरावर उभा राहिला. काही ऐकू आलं नाही.

"हाच," तो म्हणाला.

नरसिंहरावांनी पिशवीकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही. मग व्यंकोजीनेच सांगायला सुरुवात केली, की मांडवात वीज जाते, सेलवरचं बरं पडेल. ते खोटं नव्हतं. तरी बोलताना तो काउंटरवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

त्याची आत्या सोयराबाई गात असे. तिचं गाणं कुणी गुरूने शिकवलेलं नव्हतं. तिची आई ठकुबाई जुनी मराठी पदं म्हणायची. तीनशे वर्षांपूर्वी या कानडी मुलखात आलेल्या मराठी घराण्यांतल्या बायकांनी तोंडी जपलेली, मधेच कानडी शब्द मिसळलेली ती पदं होती. ठकुबाई गेली तेव्हा सोयराबाई अकरा वर्षांची होती. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली, आणि पुढे आई गमावलेल्या व्यंकोजीला तिनेच वाढवलं. सकाळी दहाच्या सुमारास ती मागच्या पडवीत अबोलीचे गजरे ओवायला बसली, की पदं आपोआप सुरू व्हायची. कुणी मुद्दाम ऐकायला आलं, की थांबायची.

एकदा नरसिंहरावांनी रेडिओवर गाण्याचं सुचवलं होतं. सोयराबाईने हसून नकार दिला. तो विषय व्यंकोजीने मात्र सोडला नाही. सत्तरी आली, हे सगळं तुझ्याबरोबर जाईल, असं तो बोलून गेला. तेव्हा ती गंभीर झाली.

"घरातलं गाणं घरात असू दे, व्यंकू. माझ्या नकळत काही करायचं नाही. शब्द दे."

त्याने शब्द दिला होता.

यंत्र घरी आलं त्याच्या दुसऱ्या रविवारी त्याने कापडी पिशवी पडवीतल्या खुंटीला टांगली, आत बटण दाबलं आणि पेपर वाचत बसला. आत्या तिच्या पाठीमागच्या खुंटीकडे न पाहता ओवत राहिली, गात राहिली. पेपरातली एकही ओळ त्याला वाचता आली नाही. पंधरा मिनिटांनी रीळ संपलं. तेवढ्यात चार पदं सापडली होती.

ती त्याने नरसिंहरावांना ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, दुसऱ्या रिळावर प्रत काढून ठेवू या. व्यंकोजी घाईने नको म्हणाला. चोरीच्या वस्तूची आणखी एक चोरी कशाला, असं त्याला वाटलं.

रामनवमीच्या मैफली लहान यंत्राने जेमतेमच टिपल्या. मृदंग पत्र्यावर वाजल्यासारखा आला. मंडळी म्हणाली, पहिलंच वर्ष आहे, चालायचंच. व्यंकोजी मान खाली घालून उभा राहिला. आपण कशासाठी हे यंत्र निवडलं, ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी त्याला राहवलं नाही. एका संध्याकाळी त्याने यंत्र आत्यापुढे ठेवलं आणि काही न सांगता सुरू केलं.

सोयराबाई वाती वळता वळता पहिली दोन कडवी मान कलती करून ऐकत होती. मग तिचे हात थांबले.

"हे कोण गातंय?"

"तूच, आत्या. मी... पिशवीत ठेवलं होतं."

ती रागावली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. पद संपेपर्यंत बसली, मग भिंतीचा आधार घेऊन उठली आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पडवीतलं गाणं बंद झालं. गजरे होत, देवाला जात, पण ती मुकी ओवायची. आठवडा गेला, महिना गेला. व्यंकोजीला वाटे, आपल्या गळ्याची तिच्या मनात वेगळीच मूर्ती असेल. आपण तिला म्हातारा, कापरा आवाज ऐकवला आणि ती मूर्ती फोडली. त्याची बायको प्रेमा एकदोनदा काही बोलू पाहत होती, पण आत्याचा विषय निघाला की तो उठून जायचा. यंत्र कपाटात होतं. तिकडे बघवतही नसे.

वैशाख संपता संपता त्याने ठरवलं. रविवारी सकाळी आत्या आणि प्रेमा देवळात गेल्या असताना त्याने दार लावलं, पदांचं रीळ चढवलं, मायक्रोफोनची वायर काढून घेतली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पंधरा मिनिटं तो समोर बसून राहिला. फीत या चक्रावरून त्या चक्रावर गेली. मग त्याने ती वाजवून पाहिली. नुसती खरखर होती. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

दोघी परत आल्या. आत्याने प्रसादाचं पान खाली ठेवायच्या आतच त्याने सांगून टाकलं.

"आत्या, ते सगळं पुसलं मी. आता काही राहिलं नाही. तू पहिल्यासारखी गा."

प्रेमाने कपाळाला हात लावला. सोयराबाई उभीच होती.

"सगळं?"

"सगळं."

"अहो, त्या रोज ऐकायच्या," प्रेमा म्हणाली. "तुम्ही कारखान्यात गेलात की दुपारी मला लावायला सांगायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. स्वतःच नको म्हटलं होतं ना, म्हणून लाज वाटायची त्यांना."

व्यंकोजी आत्याकडे पाहत राहिला. ती हळूच खाली बसली.

"मला आईचा चेहरा आठवत नाही, व्यंकू," ती म्हणाली. "फोटो काढायची पद्धत नव्हती तेव्हा आपल्यात. आवाज तर कधीचाच विसरले होते. त्या दिवशी तू लावलंस आणि आई गायला लागली. तोच गळा. ओळीच्या शेवटी तशीच दमायची ती. माझ्या तोंडून कधी ऐकू आली नाही मला. आपणच गात असलो, की कसं ऐकू येणार? म्हणून मी गप्प बसत होते. तिला गाऊ देत होते."

व्यंकोजीने कपाटातून यंत्र आणलं. वायर जोडली. पुन्हा गा, तो म्हणाला, आता चोरून नाही, तुझ्यासमोर ठेवतो, हवी तितकी पदं घेऊ, मोठं रीळ आणतो. तो बोलत राहिला. सोयराबाईने त्याला बोलू दिलं. मग मायक्रोफोन त्याच्या हातातून काढून घेऊन खाली ठेवला.

"समोर ठेवून गायले, की मीच येईन रे," ती म्हणाली. "ती नाही यायची."

तिने प्रसादाचं पान उलगडलं. त्यातला मोठा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली, तो लहान असताना मिटवायची तशी. तो हात त्याला दुपारपर्यंत उघडता आला नाही.