एकाहत्तर थांबे

"पुढे सरका, पुढे सरका! मागच्यांना चढू द्या!"

बाबांचा आवाज आला तेव्हा मी गाडीच्या मागच्या टोकाला धाकट्याला पॉटीवर बसवत होते. मला वाटलं, आमच्या थोरलीला, चिंगीलाच काहीतरी सांगताहेत. पडदा बाजूला करून बघते तर दोन पिशव्या घेतलेल्या एक आजीबाई आमच्या पलंगावर ऐसपैस बसलेल्या! त्यांच्यामागे रंगाचा डबा घेऊन एक रंगारी उभा होता, आणि दोन कॉलेजच्या मुली आमच्या गॅसच्या शेगडीकडे बघत एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"बरं झालं बाई," आजीबाई गादी दाबून बघत मला म्हणाल्या, "एवढा कर भरतो आपण, बसमध्ये एकदाच्या गाद्या तरी आल्या."

मी डोक्याला हात लावला. बाबा स्टिअरिंग धरून समोर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

सांगते. आमच्या बाबांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली. एकच मार्ग, सत्तावीस नंबर. डेपोपासून पाण्याच्या टाकीपर्यंत अकरा किलोमीटर, आणि तिथून गाडी वळवून परत डेपो. डेपोतले लोक त्यांना नावाने नाही, 'सत्तावीस' म्हणूनच हाक मारायचे. एकदा कुणीतरी हिशोब करून सांगितलं, की बाबा पृथ्वीभोवती तीसेक वेळा तरी फिरून आले असतील. आई म्हणाली, "फिरले असतील, पण टाकीच्या पुढे काय आहे ते विचारा त्यांना."

तेच बाबांच्या मनात घर करून बसलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी डेपोची मोडीत काढलेली छोटी बस घेतली आणि आठ महिने खपून तिचं घर केलं. पलंग, शेगडी, बेसिन, कपाटाएवढा संडास, आणि पुढे पट्टे असलेल्या चार सीटा. बाहेरून निळा रंग दिला, तरी ती बसच दिसायची. "रस्ता संपेपर्यंत जायचं," ते म्हणाले. "समुद्रापर्यंत. चौदाशे किलोमीटर. मधे कुठेही गाडी वळवायची नाही." आणि बरोबर कोण हवं, तर नातवंडं. एक पाच वर्षांची, दुसरा अडीचचा!

आई यायला तयार नव्हती. हलत्या गादीवर तिला झोप येत नाही. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती. मग दातांच्या दवाखान्यातून तीन आठवडे सुट्टी काढून मी निघाले, पण निघताना एक अट घातली. ही मीच घातली, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. म्हटलं, "बाबा, तुम्ही त्रेसष्टचे, मुलं एवढीशी. कुणालाही झेपेनासं झालं तर तिथून परत. आणि परत आल्यावर ही गाडी भंगारात."

बाबा म्हणाले होते, "कबूल."

आणि दुसऱ्याच दिवशी हा प्रकार. अनोळखी गावात थांब्याचा खांब दिसला, खांबाशी माणसं दिसली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. हाताने दारसुद्धा उघडलं! जित्याची खोड, दुसरं काय.

"बाबा, सांगा ना त्यांना," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"चढलेल्या माणसाला उतर कसं म्हणू?" बाबा तितक्याच दबक्या आवाजात म्हणाले. "चौतीस वर्षांत नाही म्हटलं कधी."

सगळ्यांना ज्याच्या त्याच्या दारात सोडलं. आजीबाईंना इस्पितळाच्या फाटकाशी. त्यात दीड तास गेला, आणि आजीबाई उतरताना मलाच बजावून गेल्या, "स्वयंपाक गाडीत करत जाऊ नका हो, वास कोंडतो."

त्या दिवशी हसण्यावारी गेलं. तिसऱ्या दिवशी डोंगर लागला आणि हसू पळालं. धाकट्याने चादरीवर, माझ्यावर, चिंगीच्या बाहुलीवर, सगळीकडे उलट्या केल्या. मधल्या वेळात "उतलायचं, उतलायचं" म्हणून रडणं. चिंगीचं दर पाच मिनिटांनी "आजोबा, आलं का?" बाबा म्हणायचे, "अजून लांब आहे गं." की ही पण भोकाड पसरायची. माझ्या नाकी नऊ आले. संध्याकाळी चादर पिळता पिळता मी म्हटलं, "बाबा, बस झालं. उद्या सकाळी परत फिरू."

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि आरशावरची धूळ पुसत बसले. धूळ नव्हतीच. मला स्वतःचा इतका राग आला, पण बोललेला शब्द मी मागे घेतला नाही. आमच्या घरात हट्ट वडिलोपार्जित आहे.

सकाळी निघालो. रस्ता अरुंद होता, गाडी वळवायला जागा मिळेना. धाकटा मागे बसला की त्याला मळमळायचं म्हणून बाबांनी त्याला पुढच्या सीटवर पट्ट्यात बसवलं होतं, समोरचा रस्ता दिसेल असा. दोन वळणांनंतर बसथांब्याची एक जुनी शेड आली. बस कधीची बंद पडलेली असणार, कारण शेडमध्ये सात-आठ मेंढ्या उभ्या होत्या. आणि बाबा थांबले. दारसुद्धा उघडलं.

"बाबा, अहो मेंढ्यांना पण घेता की काय?"

"चुकून गं," ते ओशाळून म्हणाले.

"आजोबा, हा कुठला थांबा?" चिंगीने विचारलं.

बाबांनी शेडकडे बघितलं. मग चौतीस वर्षांचा आवाज लावून म्हणाले, "मेंढ्यांचा थांबा! उतरणाऱ्यांनी उतरून घ्या!"

धाकट्याचं रडं तिथल्या तिथे थांबलं. दोघं उतरली, मेंढ्या बघितल्या, शेडमध्ये तीन चकरा मारल्या आणि बाबांनी "चला, सुटतेय गाडी" म्हटल्याबरोबर धावत चढली. स्वतःहून!

"पुढचा थांबा कुठला?" चिंगी.

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "एकच पुढचा बघू का? जागा मिळेपर्यंत?"

"एकच," मी म्हटलं.

पुढचा होता पाइपातून पाणी गळण्याचा थांबा. त्याच्या पुढे गाडी वळवण्याइतकी मोठी जागा आली. बाबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. "एकच अजून," मीच म्हटलं.

मग काय! दुपारपर्यंत चिंगी कंडक्टर झाली. बाबांनी तिच्या सीटजवळ सायकलची घंटी बसवली. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. कुठे थांबायचं हे मात्र ड्रायव्हर ठरवणार, तसा नियम होता. दर वीस मिनिटांनी थांबा, आणि थांब्याला नाव मुलांनी द्यायचं. तीन पायांच्या कुत्र्याचा थांबा. आईची चप्पल तुटल्याचा थांबा. काहीच नाही थांबा, हा सगळ्यात लाडका, कारण तिथे खरंच काही नव्हतं. 'लांब' हा शब्द गाडीतून हद्दपार झाला. अडीच वर्षांच्या जिवाला चौदाशे किलोमीटर कसे कळावेत? पुढचा थांबा कळतो. हे मला, दोन मुलांच्या आईला, सुचलं नव्हतं. ज्यांच्या सवयीला मी हसत होते, त्यांच्याकडून ते आलं.

उलट्या थांबल्या. खिंडीच्या माथ्यावर, सतराव्या थांब्याला, बाबांनी असा हॉर्न वाजवला की मागच्या ट्रकवाल्यानेही उत्तर दिलं. एका मुक्कामावर शेजारी चकाचक मोठी फिरती गाडी होती, आत टीव्हीबिव्ही. तिचा मालक म्हणाला, "आम्ही एका दमात चारशे मारले." त्याची दोन्ही पोरं आत किंचाळत होती. तासाभराने ती आमच्या गाडीत चिंगीकडून तिकिटं घेत होती. बाबांनी मिशीतल्या मिशीत हसून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, जिंकलात. आता मिरवू नका." खरं तर त्यांनी मिरवावं असंच मला वाटत होतं.

सहाव्या दिवशी रस्ता उतरत उतरत गेला, मग सपाट झाला आणि मग संपला. तिथे खरोखर एक कठडा होता आणि कठड्यापलीकडे पाणीच पाणी. चिंगीने बेल दिली. एकाहत्तरावा.

बाबांनी इंजिन बंद केलं. दार उघडलं. घसा खाकरून म्हणाले, "शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या!"

मी धाकट्याचा पट्टा सोडला. तो सीटचा दांडा धरून बसला.

"नाही उतलायचं," तो म्हणाला. "पुढे चल."

"अरे राजा, पुढे समुद्र आहे."

"पुढे चल, आजोबा!"

"मी पण नाही उतरणार," कंडक्टर म्हणाली.

बाबा वळून बघतच राहिले. मग मला म्हणाले, "टाकी यायच्या आधीच लोक दाराशी येऊन उभे राहायचे गं. मी नीट थांबायच्या आत उड्या मारायचे." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. डोळे पुसायचे भान त्यांना नव्हतं.

मी पण माझ्या जागेवर परत बसले. दार उघडं होतं, त्यातून खारा वारा आत येत होता. बराच वेळ कुणीही उतरलं नाही.