टोपी कुणी बदलली?

"टोपी बदललीय माझी, डोक्यात बसतच नाही," माझा नवरा नॉरिस म्हणाला. "क्लिफर्डचंच काम."

व्हिट शुक्रवारच्या सणाची बँडची मिरवणूक तोंडावर आलेली. युफोनियम हे जाडजूड पितळी वाद्य फुंकणाऱ्यांत पहिली, मानाची खुर्ची नॉरिसची, शेजारची क्लिफर्डची. गणवेशाची टोपी डोक्यात बसत नसेल तर मिरवणुकीत पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या गावच्या बँडचा कडक नियम. क्लिफर्डचा त्या खुर्चीवर डोळा आहे असं मलाही वाटायचं. खोटं कशाला बोलू? मीही त्याला पाण्यातच पाहत होते.

"नाहीतर तूच गरम पाण्यात धुऊन आटवलीस."

"हो, मला दुसरे उद्योगच नाहीत ना!" मी टोपी हिसकावून आत पाहिलं. मी घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका जागच्या जागी. टोपी त्याचीच होती. मी ती पुन्हा त्याच्या डोक्यावर दाबून पाहिली, बसेना. टोपी तीच, तर बदललंय काय?

त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, कानही तपासले.

"कवटीचं हाड वाढतंय," बाई म्हणाल्या. "पॅजेटचा आजार. आपल्या लँकाशर भागात बराच दिसतो. हाड जिवंत असतं, जुनं पाडायचं, नवं बांधायचं, हे चालूच असतं. तुमच्याकडे पाडणारे आणि बांधणारे दोघंही पिसाळलेत. घाईचं बांधकाम, जाड पण ठिसूळ. सलाईनमधून औषध देऊ, त्याने हे आवरेल. पण हाड कानापर्यंत वाढल्याने ऐकू कमी येतंय, ते भरून येईलसं वाटत नाही."

"मला नीट ऐकू येतं!" नॉरिस ओरडला आणि माझ्याकडे वळला. "ही क्लिफर्डची कोण लागते गं?"

बाईंसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंचं बोलणं त्याच्या डोक्यात घोळत होतंच. तालमीच्या दिवशी तो तडक क्लिफर्डसमोर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग.

"मी बेसूर वाजवतो?"

क्लिफर्ड माझ्याकडे पाहायला लागला.

"तिच्याकडे काय बघतोस? मला सांग!"

"दोन वर्षं झाली," क्लिफर्ड त्याच्या कानाशी ओरडला. "कुणाला कळू नये म्हणून मी जोरात वाजवतो. तू काय समजलास, हौस आहे मला छाती फोडून घ्यायची?"

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही. मला रडूच फुटलं. नॉरिसने क्लिफर्डला खांद्याला धरलं आणि पहिल्या खुर्चीत बसवलं.

शुक्रवारी आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो. नॉरिस बोडक्या डोक्याने. बँड समोरून चालला, क्लिफर्ड अगदी जवळून गेला.

"कसा वाजवतोय?" नॉरिसने विचारलं.

"छान," मी त्याच्या कानात ओरडले. "आता हळू वाजवतोय."