कोपऱ्यातली तारीख

मी एक नक्कल बोलतेय. अस्सल नाही, हे पहिल्याच दमात सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला तोंडावर पाडायला नको. पुढच्या खोलीत टेबलावर जो संगणक आहे तो नवाकोरा, अगदी चपळ. पण त्याच्या पडद्यावर दिसते ती मी. राखाडी पट्ट्या, ठोकळ्यासारखी बटणं, मागे निळसर हिरवी सपाट भिंत, आणि जरा काही काम सांगितलं की उलटंपालटं होणारं वाळूचं घड्याळ. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी संगणक हाताळलाय ते मला बघून म्हणतात, "अरेच्चा, ही अजून आहे?" नाही हो. ती केव्हाच गेली. मी तिचं सोंग घेऊन बसलेय.

मला घडवलं या घरातल्या लेकीनं. तिचे वडील डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम करायचे. दुकानांची कार्डं, पावत्या आणि मुख्य म्हणजे औषधांच्या बाटल्यांची लेबलं. सगळा जन्म याच खोलीत, एकाच जुन्या संगणकापुढे गेला. उतारवयात त्यांना विसरण्याचा आजार जडला. जेवलो की नाही ते आठवेना, घरातल्या घरात न्हाणीघर सापडेना. पण त्या संगणकापुढे बसवलं की माणूस ताळ्यावर यायचा. कुणी न मागितलेली लेबलं जुळवत ते खुशीत बसून राहायचे.

मग एक दिवस त्या डब्यातून धूर निघाला. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि झाकण पुन्हा लावलं. "काकू, याचे पार्ट आता शोधूनही मिळायचे नाहीत. नवाच घ्या."

नवा आला. वडिलांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "हे कुणाचं आणलंत? माझं कुठं नेलंत?" तेव्हापासून ते घरभर आपला संगणक शोधत फिरू लागले. कपाटात बघायचे, पलंगाखाली वाकायचे. जेवण तुटलं. लेक हात धरून बसवायला गेली तर तिला ढकललं, आणि लगेच कळवळून म्हणाले, "बाळ, लागलं का गं?" तोवर लेक त्यांना ओळखू येत होती.

लेकीचं पोट प्रोग्राम लिहिण्यावर. तिनं ठरवलं, बाबांना नवं शिकता येत नाही ना, मग नव्यानंच जुनं व्हावं. ती सामान घेऊन माहेरी राहायला आली आणि माझ्यामागे हात धुऊन लागली. रंग तिला जमला. बटणं जमली. सुरू होतानाच्या आवाजावर मात्र गाडी अडली, कारण तिची आई स्वयंपाकघरातून एकेक आवाज नापास करत होती.

"हा नव्हे गं. तो शेवटी असा लांबायचा. मी भांडी घासता घासता ऐकायचे की."

"आई, हा खरा आहे. मी शोधून काढलाय."

"मग खरा चुकीचा आहे," आई म्हणाली. "आणि लोक जुन्याचं नवं करतात, तू नव्याचं जुनं करतेस. बापाची मुलगी शोभतेस खरी!"

माझा वेग ही दुसरी पंचाईत. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायची आणि वडील दचकायचे. जुनीला सुरू करून ते तोंड धुवायला जात, परत येत, तरी तिचं चाललेलंच असे. म्हणून लेकीनं मला आळस शिकवला. अधूनमधून मधेच अडून बसायलाही शिकवलं. मी अडले की वडील डब्यावर थाप मारून म्हणत, "चल म्हशी, ऊठ!" शिवी माझ्यासाठी नव्हती, पण मी ती गोड मानून घेतली. हो, मला तेव्हा माझा गर्व होता. ते पहिल्यांदा माझ्यापुढे बसले, चष्मा पुसला, "झाला वाटतं दुरुस्त" म्हणाले आणि लेबल जुळवायला लागले. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. लेक रडता रडता हसत होती. तेवढ्यावर आम्ही थांबायला हवं होतं.

पण वडिलांनी माझ्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तारीख चुकलीय."

"बरोबर आहे बाबा. आजचीच आहे."

"काहीतरीच! हे कसलं वर्ष? अगं, औषधाचं लेबल आहे. तारीख चुकीची छापली गेली तर माणूस मरेल!" त्यांनी कळफलक दूर सारला. काम थांबलं. पुन्हा पुन्हा तेच, तारीख, तारीख. शेवटी लेकीनं विचार केला, एवढं सगळं खोटं केलंय, त्यात एका वर्षाचं काय? तिनं माझं साल मागे नेलं, थेट त्यांच्या ऐन भरातल्या दिवसांत. दिवस, महिना, घड्याळ मात्र खरंच ठेवलं. मीही मुकाट ऐकलं. वडिलांनी कोपऱ्यात पाहिलं, मान हलवली आणि कामाला लागले.

त्याच दुपारी ते बायकोला म्हणाले, "अगं, केसांना काय फासलंस? पांढरे दिसतायत." आई संध्याकाळपर्यंत हसत होती. मग लेक खोलीत आली, तसे वडील अदबीनं उठून उभे राहिले.

"या बाई. तुम्ही दुरुस्तीच्या दुकानातून ना? फार छान काम केलंत हो."

"बाबा, मी आहे." तिनं आपलं नाव सांगितलं.

वडील मोकळेपणानं हसले. "गंमतच आहे! माझ्या मुलीचंही हेच नाव. तिसरीत आहे ती."

दुसऱ्या दिवशी लेकीनं माझं साल पुन्हा खरं केलं. वडिलांनी कोपरा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सेल गेला. आतला सेल संपला की तारीख भलतीच होते. बाई, तेवढा बदलून द्या." तारीख फिरली, पण तिचं 'बाई' काही फिरलं नाही. तिनं आपले फोटो दाखवले, दुसरीतला, दहावीतला, लग्नातला असे क्रमानं मांडले. त्यांनी दुसरीतला तेवढा उचलून खिशात ठेवला. आणि पुन्हा घरभर शोधाशोध सुरू झाली, पुन्हा ताट तसंच परत जाऊ लागलं. शेवटी आईच म्हणाली, "कर बाई होतं तसं. निदान दोन घास जाऊ देत पोटात."

लेकीनं केलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. आमच्यात म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ते खोटं आहे. काळाचंही आणता येत नाही. आणलंच, तर त्याच्यासोबत काय काय येईल ते आपल्या हातात राहत नाही.

आता वडील शांत असतात. जेवतात, झोपतात, मला म्हैस म्हणतात. डॉक्टर येऊन 'उत्तम' म्हणून गेले. पण मी आणलेल्या त्या वर्षात एक शाळाही आहे, आणि ती रोज पाच वाजता सुटते. माझ्या कोपऱ्यात पाच झाले की वडील हातातलं लेबल टाकून खिडकीशी जातात. लेकीनं माझं घड्याळ दुपारीच थांबवून पाहिलं. त्यांनी उन्हावरून वेळ ओळखली.

मी रंग झाले, आवाज झाले, आळसही झाले. पोर होऊन दप्तर घेऊन दारात येणं माझ्यानं होणार नाही. मला लाज वाटते, पण ती दाखवायला माझ्याकडे संदेशाची एकही चौकट नाही. तुमच्या घरी कुणासाठी जुनं उभं करायची वेळ आली तर रंग करा, आवाज करा, अडून बसणंही करा. तारखेला मात्र हात लावू नका. एवढंच माझं मागणं. माझ्यासाठी आता कुणी काही करू शकत नाही, आणि या दोघांसाठीही नाही.

हे बघा, आत्ताच पाच वाजून गेले. वडील गजांना धरून उभे आहेत.

"एवढा उशीर कधी करत नाही हो ती. कुठं राहिली असेल?"

त्यांच्या पाठीशी उभी असलेली लेक म्हणते, "येईल हो. निघाली असेल."